भिंतीपलीकडचं वायफाय

केबलवाल्यानं धंदा बंद केला आणि कानिफनाथआबांचा टीव्ही मुका झाला. बायको गेल्यापासून घरात तेवढाच आवाज उरला होता. राहात्याच्या मेकॅनिकनं सेटटॉप बॉक्सच्या मागं बोटाएवढा डोंगल खोचला. “आता वायर नको, आबा. वायफायवर चालंल.” पडद्यावर वायफायचं एकच नाव आलं, अमृत. भिंतीपलीकडं राहणारा आबांचा मुलगा. पेरूच्या बागेच्या वाटणीत दोघांचं बिनसलं, अंगणात भिंत उभी राहिली आणि बोलणं थांबलं. “पासवर्ड लागंल,” मेकॅनिक म्हणाला.  आबांनी भिंतीजवळ जाऊन घसा खाकरला. “अमृत, हायेस का घरात? टीव्हीला तुझं वायफाय पायजे हुतं.” पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला. अमृतनं पासवर्ड सांगितला, एकेक अक्षर सावकाश.  आबांनी तो मोठ्यानं आत सांगितला, मेकॅनिकनं टाकला आणि टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या. “लागला का?” अमृतनं विचारलं. आता हो म्हटलं की बोलणं संपणार, हे आबांना कळलं. त्यांनी घरात येऊन टीव्ही बंद केला. मेकॅनिक काही बोलणार होता, पण आबांचा चेहरा बघून तो पिशवी आवरू लागला. आबा पुन्हा भिंतीपाशी गेले. “न्हाई लागत रं. तूच येऊन बघतो का?” “बातम्या तर ऐकू आल्या की आत्ता,” अमृत म्हणाला. आबा भिंतीला हात टेकून उभे राहिले.  मग पलीकडनं आवाज आला, “थांबा, आबा, चप्पल घालतो.”