रांगवेल

तीन दिवसांत रांगवेल मालनच्या दारापासून नव्या कारखान्याच्या तारेच्या कुंपणापर्यंत आली. साठ पावलं. मुळं मातीतून उपसायची, बोटांसारखी पुढं टेकायची, पोटाशी शेंग सांभाळायची. मागं मालन, हातात खराटा. कोंबड्या हाकल, शेळ्या हाकल.

"सुईण झालीस गो तिची!" शेजारची वनमाला हसली.

मालन हसली नाही. अख्ख्या भांडुपात ही एकच उरली होती. रांगवेल बाराव्या वर्षी फुलते, एकच शेंग धरते आणि जिथं तिची आई वाळली तिथं रांगत जाते. शेंग त्याच मातीवर फुटते. 'दारी रांगवेल, घरी रांगतं,' म्हणत वाडीतल्या बायका रोप आणून दाराशी लावत. मालननंही चव्वेचाळीस साली जिथं कारखाना उठतोय त्याच माळावरून ओटीत घालून आणलं होतं. घरात कुणी रांगलं नाही. वेल तेवढी वाढली.

आता माळावर कोबा होता. सकाळीच घातलेला, ओला.

सुपरवायझर श्यामकांत धावत आला. "बाई, उचला ती! काम खराब होईल."

"उचलली की शेंग काळी पडते, साहेब."

"मातीच हवी ना तिला? मागं अख्खा डोंगर मोकळा पडलाय."

"डोंगरावर तिची आई नाही मेली."

श्यामकांत माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मालननं चार शिव्या तरी हासडल्या असत्या. त्यानं हात वर केला, गवंड्यानं थापी खाली ठेवली. गवंडी थांबला. सिमेंट कुणाच्या बापाचं ऐकतं?

दुपारी वेल कोब्याच्या मधोमध पोचली आणि थांबली. जागा बरोबर ओळखली होती तिनं. मुळं खाली रोवली. शेंग ताणली, थरथरली. फुटली नाही. पुन्हा ताणली.

मुळांभोवतीचा कोबा पांढरा पडत गेला, आवळत गेला. शेवटी एकच मूळ हलत राहिलं, बाहेरचं, चाचपत.

"आता काय करायचं?" श्यामकांतनं विचारलं. मालनला विचारलं!

एक कोंबडी कोब्यावर चढली. शेंगेपाशी येऊन मान वाकडी करून बघू लागली.

मातीवाचून शेंग फुटायची नव्हती. खराटा मालनच्या हातातच होता. तिनं तो उचलला नाही.