पिल्लाचं वजन

कुणाला खरं वाटणार नाही, पण आमच्या दोन महिन्यांच्या पिल्लाचं वजन आठवड्यात पाच किलोंनी वाढलं. त्याला खाऊ घालायचं काम माझ्याकडे होतं. "अंगी लागलं नाही तर ज्याचं त्याला परत देऊन टाकीन," असा सूनबाईचा दम होता. सूनबाईसोबत दवाखान्यात गेलो, पिल्लाला जमिनीवरच्या वजनकाट्यावर ठेवलं आणि आकडा बघून जनावरांचे डॉक्टर थिजलेच. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.

"आजोबा, याला घालता तरी काय?"

"उकडलेलं अंडं, मऊ भात. चार वेळा, थोडं थोडं, मांडीवर घेऊन. आता मांडीवर मावत नाही म्हणा."

सूनबाई आ वासून आकड्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली गेली.

"बाबा, काट्यावरचा पाय काढा."