पाच चष्मे

डॉक्टरबाईंनी टेबलावर पाच जुने चष्मे ओळीने मांडले. घरात असतील नसतील तेवढे घेऊन या, असं त्यांनीच सांगितलं होतं. एकेक चष्मा यंत्राखाली धरून त्या नंबर लिहीत गेल्या, आणि समोर लेकीशेजारी बसलेला चष्मेवाला ते वाढत जाणारे आकडे बघत राहिला. पाचही त्याच्याच दुकानातले, त्याच्याच हातचे. सतरा वर्षांची लेक दर सहा महिन्यांनी म्हणायची, "बाबा, परत अंधुक दिसतंय." तो हसायचा. "नव्या फ्रेमची हौस आलीय बाईसाहेबांना!" आणि नंबर वाढवून द्यायचा.

"दोन्ही डोळ्यांचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन फुगत चाललाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उजव्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकून वरून प्रकाश सोडू. पडदा कडक होतो, आजार आहे तिथे थांबतो. डाव्याला आता तो उपाय चालायचा नाही. तिथे पडदाच बदलावा लागेल, कुणीतरी नेत्रदान केलेला. टाके वर्षभर राहतात. शरीराने तो नाकारला, तर पुन्हा पहिल्यापासून."

"डाव्यालाही थेंबांवर नाही का भागणार?" चष्मेवाल्याने विचारलं. मग वेड्यासारखं तेच पुन्हा विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी भागलं असतं." डॉक्टरबाईंनी शेवटचा चष्मा उचलला. "नंबर असा धावत सुटलाय आणि कुणाला शंकाही येऊ नये? कोण देत होतं हे? काचा बसवल्यात मात्र सुरेख."

त्याने तोंड उघडलं.

"वेगवेगळ्या दुकानांतून घेतले," लेक मध्येच म्हणाली. "मीच जायचे मैत्रिणींबरोबर. बाबांना कुठलं माहीत असणार!"

स्वतःची लाज वाटली, तरी त्याने लेकीचं खोटं तसंच राहू दिलं. पुढे केलेल्या दोन्ही संमतीपत्रांवर त्याने सह्या केल्या आणि चष्मे पिशवीत भरले.

जिना उतरताना लेकीने त्याचा दंड धरला.

"पडदा बदलला तरी चष्मा लागतोच म्हणे. तो तुम्हीच करायचा हं, बाबा."

चष्मेवाला मधल्याच पायरीवर थांबला. त्याला रडू आवरेना.

"नको गं बाळा," तो म्हणाला. "तो दुसऱ्या कुणाकडून करून घे."

तीस वर्षांत दुकानात आलेलं एकही माणूस त्याने दुसरीकडे पाठवलं नव्हतं.