संपर्क होऊ शकला नाही

चंद्रकांतच्या एका हातात नारळ आला आणि दुसऱ्या हातात माईक. निर्भीड लेखणीचे धनी आता सत्काराला उत्तर देतील, असं सूत्रसंचालक बंडोपंतांनी जाहीर केलं आणि दोनच शब्द, असं हळूच बजावलंही.

पत्रकार दिनाला मुळशी तालुक्यातल्या वार्ताहरांचा सत्कार तिथले पुढारी दादासाहेब दरवर्षी करत. पौड रस्त्यावरचं मंगल कार्यालय, स्टेजवर मधोमध दादासाहेब, आणि समोर खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून टेम्पोनं आणलेल्या बाया. सत्काराला उत्तर म्हणजे दादासाहेबांचे आभार, हे इतकं ठरून गेलेलं होतं की माईक देताना कुणी विचारच करत नसे. यंदाही केला नाही. चूक तिथंच झाली.

त्यातून यंदाच्या बाया भुकूमच्या वरच्या आळीतल्या, म्हणजे चंद्रकांतच्याच आळीतल्या निघाल्या. त्या आळीत पाण्याची टाकी होती. दादासाहेबांनी तिचं उद्घाटन दोनदा केलं होतं, पाइप जोडायचा तेवढा राहून गेला होता. बायांनी हे सगळं मागेच चंद्रकांतला सांगितलं होतं आणि रविवारी पेपरात वाचा, असं त्यानं छातीठोकपणे सांगून टाकलं. पूर्वी अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी सरकारी साहेबांची जीप आळीत यायची. अलीकडे आधी जाहिराती बसायच्या आणि उरलेल्या जागेत बातम्या. त्या रविवारी दादासाहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पानभर होत्या, टाकी कुठंच नव्हती. वर पेपरच्या पुण्याच्या कचेरीतून उपसंपादक मनीषचा फोन आला, की हा विषय आता बंद, आणि बाहेर कुठं बोललात तर वार्ताहराचं ओळखपत्र परत पाठवून द्या.

आळीला हे काही ठाऊक नव्हतं. आळीला एवढंच कळलं की चंदूनं तोंड मिटलं. विहिरीवर बाया त्याच्या बायकोशी, सुलक्षणाशी, जेवढ्यास तेवढं बोलू लागल्या. ओळखपत्र जाण्याच्या भीतीपेक्षा हे त्याला जास्त लागलं होतं.

त्यानं नारळ टेबलावर ठेवला.

"मला भाषन येत न्हाई," तो म्हणाला. "मी बातमी सांगतो. पाटवली हुती, छापली न्हाई."

आणि त्यानं ती तोंडपाठ सांगितली, अगदी पेपराच्या भाषेत. टाकी कधी बांधली, उद्घाटनाचे नारळ कुणी फोडले, आणि बाया अजून डोक्यावर हंडे घेऊन कुठून कुठवर चालतात. बंडोपंत खोकले. कुणीतरी माईकवाल्याला बंद करायची खूण केली, पण तोही भुकूमचाच. त्याला ती खूण दिसली नाही.

बातमीची शेवटची ओळ आली. असल्या प्रत्येक बातमीच्या शेवटी ती असतेच, चंद्रकांतचा सगळा जन्म ती लिहिण्यात गेला होता. याबाबत दादासाहेबांशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता, संपर्क होऊ शकला नाही.

एवढं सांगून तो थांबला. मग वळून मधल्या खुर्चीपाशी गेला.

"आता झालाय," तो म्हणाला. "दादासाहेब, पाइप कवा जोडनार?"

आणि त्यानं माईक दादासाहेबांच्या तोंडापुढं धरला.

सुलक्षणा समोर बायांमध्येच बसली होती. ओळखपत्र गेलं, हे तिला त्याच क्षणी कळलं. तरी तिची मान अशी काही ताठ झाली की शेजारणीनं वळून पाहिलं. हा माझा नवरा, असं उठून सांगावंसं तिला वाटलं. त्याची गरज पडली नाही. विहिरीवर तिच्याशी धड न बोलणारी जया खुर्ची सरकवून तिला चिकटून बसली होती.

दादासाहेब हसले. हसण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

"चंद्रकांतराव, एवढी मोठी बातमी हाय, तर मग ती कुटल्या पेपरात आलीया? दावा की जरा सगळ्यांना."

माईक धरलेला चंद्रकांतचा हात किंचित खाली आला.

मागच्या रांगेतून साळूबाई उभी राहिली. आळीत तिच्याएवढे हंडे कुणी वाहिले नव्हते. आवाजासाठी तिला माईक लागत नव्हता.

"पेपर राहू द्या, दादा. त्याला ते आमीच सांगितलंया. आता आमी हितं हाय, तुमी बी हितं हाय. बोला."

बंडोपंतांनी मग ठेवणीतलं अस्त्र काढलं. जेवणाची पंगत मांडली आहे, जिलेबी गरम आहे, सर्वांनी प्रसाद घेतल्याशिवाय जाऊ नये. या वाक्याला एरवी अख्खं कार्यालय उठतं. या वेळी एक खुर्चीसुद्धा वाजली नाही.

दादासाहेबांनी रांगांवरून नजर फिरवली. घसा साफ केला. आणि चंद्रकांतच्या हातातून माईक घेतला.

चंद्रकांत खाली येऊन पहिल्या रांगेतल्या आपल्या जागेवर बसला. त्यानं खिशातून कागद आणि पेन काढलं. मघाशी दादासाहेबांचे आभार मानून बसलेला शेजारचा वार्ताहर राजू त्याच्या कानाशी लागला.

"आरं, पन छापनार कोन हे?"

"ते मागनं बगू," चंद्रकांत म्हणाला. "आदी त्यांची बाजू लिवून घिऊ दे."