कुलूपवाली पेटी

"कुलूपवाली नको, एस्तेर. पेन अडकून पडतील," थॉमस सर म्हणाले, तेव्हा तिला हसूच आलं.

"पप्पा, अडकावेत म्हणूनच तर घ्यायची ना!"

नागापूरच्या त्या वर्कशॉपमध्ये कापलेल्या अ‍ॅक्रिलिकचा वास भरला होता. एस्तेरच्या कडेवर नोहा चुळबुळत होता. सासरे एका उघड्या लाकडी रॅकवरून हात फिरवत उभे होते. शहरात सागवानी शोकेसचा भाव ऐकून ती पायरीवरूनच परतली होती. ऑनलाइनच्या पेट्या दिसायला छान, पण त्यांत डझनभर पेन मावायची मारामार. सरांकडे त्याच्या जवळजवळ तिप्पट होते. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला निरोपाला, सत्काराला लोक पेनच देणार.

"ही न्या की ताई," वर्कशॉपवाला गोरक्षनाथ एका कुलूपवाल्या अ‍ॅक्रिलिक पेटीवर थाप मारत म्हणाला. "मोबाईलच्या दुकानासाठी केल्ती. गडी न्यायलाच आला न्हाई. निम्म्या भावात देतो. आत मखमल लावून खाचा पाडतो. किती पाडू?"

"पस्तीस," एस्तेर म्हणाली.

"तीसनं भागेल," सर म्हणाले. "चार-पाच कायम बाहेरच असतात."

एस्तेरनं त्यांच्या पाठीमागून बोटांनी खूण केली. पस्तीसच.

तिच्या जिवाला दोन घोर होते. एक नोहाचा. मागच्या आठवड्यात त्याच्या तोंडातून तिनं पेनाचं टोपण ओढून काढलं होतं, आणि तेव्हापासून तो खोकला तरी ती धावत जायची. दुसरा घोर ती कुणाला बोलली नव्हती, नवऱ्यालाही नाही. पप्पा विसरायला लागले होते.

सकाळी उठून ते पेन निवडत. चांगला वेळ घेऊन, लग्नाला निघाल्यासारखे. तो खिशाला लावून भिंगारमध्ये कुणाकडे तरी जाऊन बसत, आणि पेन तिथंच ठेवून येत. दुसऱ्या दिवशी, "अरेच्चा, पेन राहिला वाटतं," म्हणत आणायला जात. कधी सहादेवमामांकडे राही, कधी त्यांच्या शाळेत पूर्वी शिपाई असलेल्या छबूबाईंकडे. घरी मात्र कधी चष्मासुद्धा हरवला नव्हता. चर्चमध्ये पुस्तक न उघडता ते गीताचा नंबर सांगत. रस्त्यात कुणी पन्नाशीचा माणूस पाया पडला, तर वर्गात त्याच्या शेजारी कोण बसायचं तेही सांगत. एस्तेरनं मोबाईलवर वाचलं होतं, सुरुवात अशीच होते. जुनं सगळं लख्ख, कालचं पुसट.

पेटी भिंतीवर चढली, त्या दिवशी बाहेर राहिलेले पेन गोळा करायला ती स्वतःच निघाली.

छबूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. एकट्याच राहायच्या, आणि फटकळ तरी किती! खुशाली विचारायला आलेल्या पुतण्याला त्यांनी, "मेले का बघाया आला व्हय रं?" म्हणत दारातूनच वाटेला लावलं होतं.

"सरांचा पेन व्हय?" त्या म्हणाल्या. "राहू दे की. उद्या येत्यालच सर."

"नको मावशी. उगाच हेलपाटा पडतो त्यांना."

"ह्येलपाटा कसला आलाय! च्या पित्यात, माझी बोलनी खात्यात, जात्यात."

"आता नाही विसरायचे ते. कुलूपच केलंय."

छबूबाईंचा हात थांबला. मग त्या उठल्या, आतून पेन आणला, पदराला पुसला आणि तिच्या हातावर ठेवला. "बरं बाई," एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी एकही खाच रिकामी नव्हती. किल्ली एस्तेरच्या पर्समध्ये होती. सर बराच वेळ पेटीसमोर उभे राहिले.

"एखादा बाहेर राहिला तर चालेल का गं?"

"पप्पा, नोहा आहे ना!"

"हो, हो. खरंच की."

त्यांनी किल्ली कधीच मागितली नाही. सकाळी पेपर घेऊन बसायचे ते दुपारपर्यंत. "फिरून या ना," म्हटलं, तर म्हणायचे, "कशाला म्हणून जाऊ?" मन कशात न लागणं, हेही लक्षण तिनं वाचलेलं होतं. पण निदान काही हरवत तरी नव्हतं. तिला बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात छबूबाई न्हाणीत घसरून पडल्या. पडल्या एका सकाळी, आणि कळलं दुसऱ्या दिवशी, तेही मीटर बघायला आलेल्या माणसाला कण्हणं ऐकू आलं म्हणून.

एस्तेर आणि सर रिक्षानं सिव्हिल हॉस्पिटलला गेले. वॉर्डात सर खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. छबूबाईंचे ओठ फुटले होते, पायाला वजन बांधलं होतं.

"सर," त्या पुटपुटल्या. चूक त्यांचीच असावी असा आवाज. "माझ्याकडं पेन न्हवता ना."

तापात बरळतायत, एस्तेरला वाटलं. तिनं चादर सारखी केली.

"एस्तेर, पर्समध्ये पेन आहे का?" सरांनी विचारलं.

सही लागत असेल कुठं, म्हणून तिनं साधा निळा बॉलपेन दिला. सरांनी काही लिहिलं नाही. पेन औषधांच्या पुडक्याजवळ नीट ठेवला आणि ते उठले. "येतो, छबूबाई."

दारातून एस्तेरनं सवयीनं मागं वळून पाहिलं.

"पप्पा, पेन राहिला!"

ती लगबगीनं परतली. पेनाला हात लावणार, तोच छबूबाईंची सलाईन लावलेली बोटं तिच्या मनगटावर आली.

"राहू दे की."

एस्तेरनं हात मागं घेतला आणि दाराकडे पाहिलं. सर पाठ करून उभे होते, आणि बाहेरच्या खिडकीवर भेटायच्या वेळा विचारत होते, उद्याच्या.

तुमच्याही ओळखीत असं एखादं एकटं दार असेल. आज जाऊन या. आणि निघताना पेन तिथंच विसरा.