निर्विघ्न

२००९ साली आम्ही भूगावात राहायला आलो, तेव्हा ऋषिकेशची हिंजवडीतली नोकरी अजून पक्की झाली नव्हती. बाजारात यायच्या आधीची एक ऑपरेटिंग सिस्टीम तपासायला कंपनीनं त्याला कॉम्प्युटर घरी दिला होता. पोराचं काम निर्विघ्न पार पडावं म्हणून मी त्यावर पितळी गणपती ठेवला आणि रोज जास्वंद वाहू लागले.

एका संध्याकाळी तो डोकं धरून बसलेला दिसला.

“काय रे, बिघडलं का काही?”

“बिघडतच नाहीये ना, आई! आपल्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हरसुद्धा चालला. ॲक्टिव्हेशन की मुद्दाम चुकीची टाकली, तर तीही पकडली.”

“अरे, मग पेढे आण की!”

“कसले पेढे? चुका शोधण्याचाच तर पगार देतात मला. बाकीच्यांना ढिगानं सापडल्या. सोमवारपर्यंत मला एकही सापडली नाही, तर घरी बसवतील.”

तो चहा घ्यायला आत गेला.



“विघ्नहर्त्या, सोमवारपर्यंत या खोलीत फिरकू नकोस,” असं मी हात जोडून म्हटलं आणि गणपती उचलून देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.