वरच्या कडेला

यंत्रात कुठलाही नमुना ठेवण्याआधी मी काचेच्या कुपीत नुसतं शुद्ध पाणी घालून तपासतो. त्यावर अतिनील प्रकाश पडतो, पाणी स्वतः काही उजळत नाही, आणि पडद्यावर सपाट रेघ येते. गेले अकरा दिवस त्या रेघेवर एक बारीकसा उंचवटा येतोय.

"कुपी नीट धुतली नाहीत का, दादा?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

तीनदा धुतली होती. अतिनील दिव्याखाली धरली, तर चौकोनी कुपीच्या काचेवर, ऐन मधोमध, जिथून यंत्राचा प्रकाश आत शिरतो तिथेच, अंगठ्याचा निळसर ठसा चमकत होता. माझ्या करंगळीच्या टोकाएवढा. पुसला, तरी दुसऱ्या सकाळी होताच.

माझी लेक सुट्टीच्या दिवशी इथे प्रयोगशाळेत यायची आणि कुपी हमखास मधोमध धरायची. शेवटच्या वेळी मी तिच्यावर खेकसलोच. "वरच्या कडेला धर! बोटांचा तेलकटपणाही उजळतो, किती वेळा सांगायचं?"

तिचे डोळे भरले. "पुढच्या वेळी नीट धरीन, बाबा."

पुढची वेळ आलीच नाही. तापाने तिला आठवड्यात नेलं.

काल ठसा पुसायला हातच उचलेना. रिकाम्या खोलीत तोंडातून निघून गेलं, "वरच्या कडेला धर गं, बाळा."

आज रेघ सपाट आली. घाईघाईने कुपी दिव्याखाली धरली.

मधली काच लख्ख होती. अगदी वरच्या कडेला, समोरासमोर, दोन छोटे ठसे होते. अजून ओले.